ड्यूमेन रस्ता सोबती मंडळाची नोंद

बॅटन रूज,
दि. १० सप्टेंबर १९८४

ती. अल्सीड मामांस,
ओडेटचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. त्याचे कारण आळस नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर तुम्ही मामींना म्हणाल, की पोरगी पुस्तकांत शिरली ती वाळवीसारखी तिथलीच झाली. कारण असे, की ही हकीकत तुम्हांला कळवावी की कळवू नये, याचाच निर्णय मला तीन आठवडे करता आला नाही.

राज्याच्या विश्वकोशाचा चौथा खंड आता जुळवणीला आला आहे. त्यात सणवार आणि मिरवणुका येतात. मिरवणूक मंडळांपैकी कोणाची स्वतंत्र नोंद करायची आणि कोणाला वगळायचे, याची छाननी आमच्या संपादकांनी, पेटिग्रू साहेबांनी, माझ्याकडे सोपवली आहे. लोकांनी पोस्टकार्डे पाठवून सुचवलेली एकेचाळीस नावे आहेत. एकोणतिसावे नाव ‘ड्यूमेन रस्ता सोबती मंडळ, न्यू ऑर्लीन्स’ असे आहे. त्या पोस्टकार्डावर सही नाही, परंतु कोपऱ्यात चुन्याचा अंगठा उमटला आहे. तो मी लहानपणापासून माझ्या वह्यांवर पाहत आले आहे.

मामा, नियम कडक आहे. ज्याची नोंद करायची, त्याच्याविषयी त्याच्याशी काहीही संबंध नसलेल्या माणसांनी किमान दोन ठिकाणी नावानिशी छापलेले असले पाहिजे. घरच्यांच्या आठवणी, मंडळाच्या वह्या, अंत्यविधीला आपण वाटतो त्या छापील पत्रिका, यांतले काहीच चालत नाही. तुमच्याजवळ वर्तमानपत्रांची कात्रणे असतील तर कृपया पाठवा. १४ डिसेंबरला समिती बसते. त्यानंतर हा खंड वीस वर्षे तरी पुन्हा उघडला जाणार नाही.

हे मंडळ माझ्या आजोबांनी काढलेले आहे, हे मी साहेबांना अद्याप सांगितलेले नाही. सांगायला दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले, आणि दोन्ही वेळा पेन्सिल मागून परत आले.

मामींना नमस्कार. तुमच्या मायेची सावली अशीच राहावी.

तुमची,
ओडेट


न्यू ऑर्लीन्स,
१७ सप्टेंबर

चि. ओडेट हिस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तो चुना नव्हे, जिप्सम आहे. गवंड्याच्या घरात वाढलीस आणि एवढं कळत नाही, मग कोशात काय लिहिणार तू, असं नूमा म्हणाला. नूमा तुझी आठवण काढतो. त्याच्यासमोर पत्र वाचलं तर सगळ्यात जास्त तो पेन्सिलीला हसला. म्हणाला, आता पोरीजवळ दोन पेन्सिली झाल्या, तिसऱ्या वेळी रबर मागेल.

एक डबा पाठवतोय. त्यात काय आहे ते मलाही नीट माहीत नाही. कात्रणं ठेवायची आमच्यात कोणाला सवय नव्हती. मिरवणुकीचा सूट कोणत्या रंगाचा, ते त्या दिवशी दार उघडेपर्यंत बायकांनासुद्धा सांगत नसू आम्ही, पेपरवाल्यांना कोण सांगणार.

पोस्टकार्ड मीच टाकलं. का टाकलं ते विचारशील, म्हणून सांगतो. तुझ्या आजोबांनी १९२३ साली आठ गवंडी जमवून मंडळ काढलं. मेलेल्याला रीतीनं पोचवायचं आणि वर्षातला एक रविवार ऐटीत चालायचं, एवढंच काम. आजवर त्रेपन्न माणसं पोचवली. आता नूमा धरून आम्ही पाच जण उरलोय, आणि पाचांत मिळून चांगले गुडघे चार. नवीन पोरं येत नाहीत, त्यांची त्यांची मंडळं आहेत. मी जन्मभर लोकांच्या छतांना गिलाव्याची फुलं केली. घर विकलं की फुलं दुसऱ्याची होतात. आपलं म्हणावं असं काही कागदावर नाही. एका पुस्तकात चार ओळी आल्या, तर वाचून जावं, एवढीच इच्छा आहे.

डॉक्टर म्हणतो जिने चढू नका. मी म्हटलं, आमच्या घराला जिनाच नाही. तो हसला नाही.

मामी म्हणते, सोमवारचा राजमा-भात एकटीसाठीही शिजवत जा, पावावर राहू नको. जीव लावून अशीच लिहीत जा.

तुझा,
मामा


बॅटन रूज,
दि. १ ऑक्टोबर १९८४

ती. मामांस,
ओडेटचा सा. न. वि. वि.

डबा पोचला. त्यात सत्तावीस छायाचित्रे, एक पिसांचा पंखा आणि मामींच्या हातच्या पेकानच्या वड्या निघाल्या. वड्या सोडल्या तर कोशाच्या उपयोगाचे काही नाही, कारण छायाचित्रे घरची आहेत.

म्हणून मी दोन शनिवार विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून आपल्या लोकांच्या साप्ताहिकाचे जुने अंक पाहिले. गोऱ्यांच्या मोठ्या दैनिकाने आपल्या रस्त्यांवरचे कधी काही छापले नाही, त्यामुळे तिकडे वेळ घालवला नाही. प्रथम चांगली बातमी सांगते. एका प्राध्यापकाने १९३८ साली वस्तीची पाहणी करून पुस्तक काढले होते. त्याच्या एका तळटीपेत मंडळाचे पूर्ण नाव आहे. म्हणजे एक पुरावा मिळाला.

दुसऱ्याने मात्र मला गोंधळात टाकले आहे. साप्ताहिकात तुमची चार छायाचित्रे आहेत. १९५२ सालच्या चित्रात तुम्ही तर इतके ऐटबाज दिसता, की मी प्रथम ओळखलेच नाही. परंतु चारांपैकी एकाही चित्रात नावाचा कापडी फलक नाही. तीन चित्रांखाली नुसते ‘एक मंडळ’ असे म्हटले आहे. १९६१ सालच्या अंकात तर बातमीदाराने लिहिले आहे, की नाव विचारले असता म्होरक्याने आपल्या मंडळाला नाव नसल्याचे सांगितले. आणि चित्रात सर्वांत पुढे, शिट्टी घेऊन, तुम्हीच आहात.

मामा, तुम्ही असे का सांगितलेत? निळ्या मखमलीवर आजीने भरलेला तो फलक मी स्वतः पाहिलेला आहे. दुसरा पुरावा मिळाला नाही तर मला नियमाप्रमाणे नकार लिहावा लागेल, आणि तो माझ्या हाताने लिहिण्याची कल्पनाही मला करवत नाही.

उत्तराची वाट पाहते. आशीर्वाद असू द्यावा.

तुमची,
ओडेट


न्यू ऑर्लीन्स,
११ ऑक्टोबर

चि. ओडेट हिस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी, गेल्या गुरुवारी, नूमा गेला. दाढी करता करता गेला. एक गाल झाला होता, दुसरा मी केला. परवा त्याला पोचवला. बँड चांगला वाजला. नूमाच्या फिलोमेन वहिनी शेवटपर्यंत ताठ चालल्या, रडल्या नाहीत, तेच मला आवडलं नाही. चाळीस वर्षं फलकाची डावी काठी नूमाच्या हातात असायची.

तू विचारलंस त्याचं उत्तर याच्यातच आहे. तुझ्या आजोबांनी घातलेली रीत अशी, की ज्या वर्षी आपल्यातलं माणूस जाईल, त्या वर्षी नाव मिरवायचं नाही. एक नोव्हेंबरला, आपल्या सगळ्या संतांच्या सणाला, थडग्यांना चुना देऊन झाला की फलकाची घडी करून गेलेल्याच्या घरी नेऊन ठेवायची. वर कोणी त्याला विचारलं, तू कुठला, तर सांगायला त्याच्यापाशी काहीतरी हवं. ते वर्षभर नाव त्याचं. मग मिरवणुकीत चालताना आम्हांला कोणी विचारलं, तर आम्ही काय सांगणार. १९६१ साली तुझे आजोबाच गेले होते. बातमीदार पोरगा सभ्य होता. मी त्याला खरं तेच सांगितलं, की यंदा आम्हांला नाव नाही. ‘यंदा’ त्यानं गाळलं.

आता माणसं म्हातारी झाली. दरवर्षी कोणीतरी जातंच. गेल्या अकरा वर्षांत नाव एकदाच निघालं, शहात्तर साली, आणि त्या दिवशी एवढा पाऊस की कॅमेरेवाला सोड, कुत्रंही रस्त्यावर नव्हतं.

यंदा नूमा. तेव्हा बाई, तुझ्या नियमाचं आणि आमच्या रीतीचं लग्न जमत नाही असं दिसतंय. नकार लिहायचा तर सुवाच्य अक्षरात लिही. वाईट वाटून घेऊ नको. वाटलं तरी जेवत जा.

तुझा,
मामा


बॅटन रूज,
दि. १८ ऑक्टोबर १९८४

ती. मामांस,
ओडेटचा सा. न. वि. वि.

नूमा काकांची बातमी वाचून मी कचेरीच्या जिन्यात जाऊन बसले. त्यांनी मला सायकल शिकवली होती आणि मी पडले की हसण्याऐवजी स्वतःच शेजारी आडवे होत असत. फिलोमेन मावशींना मी वेगळे पत्र लिहायला घेतले, पण पहिल्या ओळीपुढे जाता आले नाही.

पुढे जे लिहिते आहे ते लिहू नये असेच आहे. दोन वेळा फाडून तिसऱ्यांदा लिहिते. मिरवणूक १८ नोव्हेंबरला आहे. समिती १४ डिसेंबरला बसते. साप्ताहिकाच्या छायाचित्रकार बाईंशी मी दूरध्वनीवर बोलले. तुम्हांला ठाऊक आहे, अनोळखी माणसाशी बोलायचे ते मी आधी कागदावर लिहून घेते; तसे लिहून बोलले. त्या यायला तयार आहेत. यंदा, एकच वर्ष, फलक बाहेर निघाला, तर त्याचे चित्र नावानिशी छापले जाईल आणि दुसरा पुरावा पुरा होईल.

रीत मोडा असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. मी म्हणतही नाही. परंतु मंडळच उरले नाही तर रीत तरी कोणाजवळ राहणार, हा विचार माझ्या मनातून जात नाही. तुम्ही नाही म्हणालात तर या पत्राविषयी मी पुन्हा शब्द काढणार नाही.

रागावू नये, एवढेच मागणे.

तुमची,
ओडेट


न्यू ऑर्लीन्स,
२० नोव्हेंबर

चि. ओडेट हिस,
लेओन्तीन मामीचे आशीर्वाद.

हे अंथरुणाला आहेत, म्हणून मी लिहिते. घाबरू नको. डॉक्टर येऊन गेला, छाती तपासली, महिनाभर उठायचं नाही म्हणाला.

तुझं पत्र यांनी नऊ दिवस उशीखाली ठेवलं. मला दाखवलं नाही, पण उशीचा अभ्रा मीच बदलते. सणाच्या दिवशी थडग्यांना चुना दिला. नूमाच्या थडग्याला यांनी एकाऐवजी दोन हात दिले. तिथून फलक घेऊन फिलोमेनकडे जायचं, तर हे फलक काखेत घेऊन सरळ घरी आले. कुठं बोलायचं नाही, ते मला एव्हाना कळतं.

रविवारी चौघे निघाले. जांभळे सूट, पिवळे पट्टे. दार उघडलं आणि फलक बाहेर आला. ज्यांना रीत ठाऊक ते एकमेकांकडे बघायला लागले. नूमाची काठी यांनी स्वतः धरली होती. तुझ्या त्या बाईंनी फोटो काढले, यांना हसा म्हणाल्या, हे हसले नाहीत.

तिसरा थांबा फिलोमेनच्या दाराशी. दर वर्षी गेलेल्याच्या दाराशी थांबायचं, बँडनं त्याचं आवडतं भजन वाजवायचं, मग घरधनीण बाहेर येऊन सगळ्यांना प्यायला देते. भजन झालं. दार बंद. खिडक्यांच्या झडपासुद्धा बंद. यांनी बँडला खूण केली, पुन्हा वाजवलं. दार बंदच. मग मागच्या गर्दीतून कोणीतरी म्हणालं, की अल्सीड, पुढच्या खेपेला मेलेल्याला विचारून निघ. कोणी हसलं नाही. यांनी तिथंच, पायरीवर वाकून, फलकाची घडी केली आणि उरलेला रस्ता तो काखेत धरून चालले. पायाचा ताल एकदाही चुकला नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. घरी येऊन बुटांसकट झोपले.

सोमवारी सकाळी फिलोमेन मुलीबरोबर तिच्या गावी, मोबिलला, निघून गेली. जाताना आमच्या घरावरूनच मोटार गेली. थांबली नाही.

सोबत कात्रण आहे. पहिल्या पानावर आलंय, नाव ठळक अक्षरात. यांना दाखवलं तर भिंतीकडे तोंड केलं. तुझ्यावर राग नाही, असं मी माझ्या मनानं लिहिते. यांनी तसं काही म्हटलेलं नाही.

तुझी,
मामी


न्यू ऑर्लीन्स,
२७ नोव्हेंबर

चि. ओडेट हिस,
आशीर्वाद.

थोडंच लिहितो, मामी बघतेय.

चूक तुझी नाही. तू विचारलंस, मी चाललो. पाय माझे होते.

मला एक काम करून दे. आमचं नाव पुस्तकात घालू नको. एकसष्ट वर्षांत ज्या एका दिवशी आम्ही आम्ही नव्हतो, तोच दिवस पुरावा म्हणून लागायचा, तर नको. नूमाच्या बायकोनं दार लावलं आणि त्याच दाराच्या जोरावर आम्ही मोठे झालो, हे मला वर जाऊन नूमाला सांगता येणार नाही. ते कात्रण जाळ किंवा काहीही कर.

नियम वाकवायला सांगतोय, ते कळतंय. तू कधी शाळेत खडूसुद्धा उचलला नाहीस. तरी सांगतोय.

तुझा,
मामा


बॅटन रूज,
दि. १५ डिसेंबर १९८४

ती. मामांस,
ओडेटचा सा. न. वि. वि.

काल समिती बसली. एकेचाळीसपैकी चौदा मंडळांची नोंद होणार आहे. एकोणतिसाव्या क्रमांकासमोर मी लिहिले, ‘स्वतंत्र छापील उल्लेख: एक. शिफारस: नोंद करू नये.’ अक्षर सुवाच्य काढले आहे. कात्रण त्या वेळी माझ्या टेबलाच्या खणात, शब्दकोशाखाली होते. जाळायला मला जमले नाही.

बैठकीपूर्वी मी पेटिग्रू साहेबांकडे गेले आणि या मंडळाचे संस्थापक माझे आजोबा होते, हे अखेर सांगितले. मला वाटले होते, की ते माझ्याकडून काम काढून घेतील आणि दुसरे कोणी नव्याने शोध घेईल. मनातून मला तेच हवे होते की काय, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. ते उठून उभे राहिले. समितीपुढे त्यांनी सांगितले, की स्वतःच्या घराण्याविरुद्ध शिफारस लिहिणारी संपादक त्यांनी तीस वर्षांत पाहिली नाही, आणि या कोशाची विश्वासार्हता अशाच माणसांमुळे टिकून आहे. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली पाहत बसले. त्यांना तो विनय वाटला.

तुम्ही सांगितले तसे केले, मामा. नाताळला येते आहे. तेव्हा फिलोमेन मावशी मोबिलहून आल्या असतील तर मी स्वतः त्यांच्याकडे जाईन. फलक काढण्याची कल्पना माझी होती, हे त्यांना माझ्या तोंडून कळलेले बरे. बोलता आले नाही, तर लिहून नेईन.

मी येईपर्यंत उठू नये. माया कमी होऊ देऊ नये.

तुमची,
ओडेट


न्यू ऑर्लीन्स,
२४ फेब्रुवारी १९८५

चि. ओडेट हिस,
फिलोमेन मावशीचे अनेक आशीर्वाद.

माझं पत्र पाहून नवल वाटेल. अल्सीडला पोचवलं त्या दिवशी तू मागे, खांबाआड उभी होतीस. मी हात केला, पण तू खाली बघत होतीस. नंतर शोधलं तर गाडीनं गेलीस म्हणाले. नाताळात येऊन गेलीस तेव्हा मी मोबिललाच होते. लेकीनं मला ऑक्टोबरातच सांगून ठेवलं होतं, की मिरवणुकीला येते, दुसऱ्या दिवशी तुला घेऊन जाते आणि हिवाळाभर सोडत नाही. परत येते तो अल्सीडची बातमी. त्याला एक गोष्ट सांगायची राहून गेली. लेओन्तीनपुढे ती काढायला धीर होत नाही, म्हणून तुला लिहिते.

माझ्या नूमानं जन्मभर काठी धरली, पण शेवटची अकरा वर्षं, एक सोडलं तर, रिकाम्या हातानं चालला. दरवर्षी घरी येऊन बूट काढताना म्हणायचा, की फिलोमेन, मी गेलो तर माझ्यापायी मंडळाला बिननावाचं चालू देऊ नको. वर विचारतील तेव्हा मी तोंडानं सांगेन, मला काही फलक नको, तो रस्त्यावरच शोभतो. मी म्हणायची, हे अल्सीडला सांग. म्हणायचा, सांगतो. सांगितलं की नाही ते मला ठाऊक नव्हतं. सणाच्या दिवशी घडी घेऊन कोणी आलं नाही तेव्हा मी समजले, की सांगितलं.

त्या रविवारी मी पेले भरून ठेवले होते. झडपेच्या फटीतून पाहिलं, तर निळा फलक आणि नूमाच्या जागी अल्सीड. खाली बसले ती उठताच येईना. पोचवायच्या दिवशी जे आलं नव्हतं, ते सगळं तेव्हा आलं. लेक मागच्या अंगणात होती. भजन दोनदा वाजवलं, ते मी फरशीवर बसून ऐकलं. हाक मारली, पण बँडपुढे कोणाला ऐकू जाणार. दुसऱ्या दिवशी जाताना त्याच्या दाराशी थांबायचं होतं. लेक म्हणाली, पडदे ओढलेत, झोपले असतील, उठवू नको. त्याला एक शब्द सांगायला हवा होता, की बाबा, नूमाचं काम केलंस. राहिलं ते राहिलं.

आता काम सांगते. माझ्या नातीला, सिलेस्टला, शाळेतून आपल्या घरच्या माणसांविषयी लिहून आणायला सांगितलं आहे. तिनं नूमाचं आणि मंडळाचं लिहिलं. मास्तरीण म्हणाली, ऐकीव नको, पुस्तकात असेल ते दाखव. पोरगी रडत आली. मी म्हटलं, रडायचं काय कारण, अल्सीडची ओडेट राज्याचं मोठं पुस्तक करते, त्यात सगळी मंडळं आहेत. तिच्या हातून आपलं कसं राहील?

तर पुस्तक निघालं की पान कितवं, तेवढं कळव. पुस्तक घ्यायची ऐपत नाही, ग्रंथालयात जाऊन दाखवीन. आणि तुमच्या कचेरीला काही दाखला लागत असेल तर सांग. त्या रविवारचं पेपरातलं कात्रण मी काचेत लावून नूमाच्या फोटोखाली ठेवलं आहे. आमचं नाव त्यात ठळक आहे. तुला हवं असेल तर काढून पाठवते.

प्रकृतीला जप. उत्तराची वाट सिलेस्ट रोज पाहते आहे, म्हणून लवकर लिही.

तुझी,
फिलोमेन मावशी